लाकडी शर्यती मोटारबोटींचे पुनरुज्जीवन

लाकडी शर्यती मोटारबोटींचे पुनरुज्जीवन म्हणजे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वेगाच्या स्पर्धांसाठी बांधलेल्या लाकडी यांत्रिक नौका शोधून, त्यांच्या मूळ रचनेचा अभ्यास करून त्या पुन्हा पाण्यावर धावण्याजोग्या किंवा संग्रहालयात जतन करण्याजोग्या स्थितीत आणण्याचे काम होय. हे काम प्रामुख्याने अमेरिका, कॅनडा व ब्रिटन या देशांत चालते. त्यात सुतारकाम, जुन्या इंजिनांची दुरुस्ती, जलगतिकी आणि इतिहास-संशोधन या चारही अंगांचा संबंध येतो. शर्यती नौकेचा वेग मुख्यतः तिच्या तळाच्या आकारावर अवलंबून असतो आणि नेमका तळच सर्वांत आधी कुजतो. त्यामुळे मूळ लाकूड राखायचे की मूळ आकार व गती परत मिळवायची, हा या क्षेत्रातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

संज्ञा

या क्षेत्रात चार प्रकारच्या कामांत भेद केला जातो. नौका आहे त्या स्थितीत ठेवून तिची झीज थांबवणे याला 'जतन' म्हणतात. निकामी झालेले भाग बदलून नौका विशिष्ट काळातील रूपात आणणे म्हणजे 'पुनरुज्जीवन'. मूळ नौकेचे थोडेच अवशेष उरले असताना त्यांच्याभोवती नवी नौका उभारणे याला 'पुनर्बांधणी' म्हटले जाते. आणि मूळ अवशेष मुळीच न वापरता केलेली नौका ही 'प्रतिकृती' होय. प्रत्यक्षात या प्रकारांच्या सीमारेषा धूसर असतात व बहुतेक वाद तेथेच उद्भवतात.

नौकेच्या भागांसाठी या लेखात पुढील शब्द वापरले आहेत. तळातून लांबीच्या दिशेने जाणारा मुख्य वासा म्हणजे 'पठाण', नौकेचा पुढचा निमुळता भाग म्हणजे 'नाळ', पठाणावर आडव्या बसवलेल्या कमानी म्हणजे 'फासळ्या', आणि तळ व बाजू जेथे कोनात मिळतात ती कड म्हणजे 'चाइन'.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

मोटारबोटींच्या आंतरराष्ट्रीय शर्यतींची सुरुवात १९०३ मध्ये हार्म्सवर्थ करंडकाने झाली. १९०४ मध्ये अमेरिकेत हडसन नदीवर गोल्ड कप स्पर्धा सुरू झाली. आरंभीच्या नौका लांब, अरुंद आणि पाणी कापत जाणाऱ्या होत्या. पुढे तळाला आडव्या पायऱ्या असलेल्या 'हायड्रोप्लेन' प्रकारच्या नौका आल्या. वेग वाढला की अशी नौका पाण्याच्या पृष्ठभागावर उचलली जाते व तळाच्या थोड्याशाच भागावर घसरत धावते. परिणामी पाण्याचा विरोध बराच कमी होतो.

पहिल्या महायुद्धानंतर विमानांची शिल्लक इंजिने स्वस्तात उपलब्ध झाली. बारा सिलिंडरांचे अमेरिकन 'लिबर्टी' आणि आठ सिलिंडरांचे 'हिस्पानो-सुइझा' ही इंजिने शर्यती नौकांत बसवली जाऊ लागली. गार वुड या अमेरिकन उद्योजकाच्या नौकांनी १९१७ ते १९२१ अशी सलग पाच वर्षे गोल्ड कप जिंकला. प्रचंड शक्तीच्या इंजिनांमुळे स्पर्धा एकतर्फी होत असल्याचे पाहून १९२२ पासून नियम बदलण्यात आले. इंजिनाचे आकारमान ६२५ घन इंच (सुमारे १०.२ लिटर) एवढे मर्यादित झाले, नौकेची किमान लांबी २५ फूट ठरली आणि तळावरील पायऱ्यांना मनाई झाली. या नियमांतून महोगनीच्या ज्या देखण्या नौका जन्मल्या, त्या आज पुनरुज्जीवनकर्त्यांना विशेष प्रिय आहेत.

नियमांच्या बाहेर मात्र निव्वळ वेगाची चढाओढ चालूच राहिली. गार वुडच्या 'मिस अमेरिका १०' या नौकेत चार पॅकार्ड इंजिने मिळून ६,४०० अश्वशक्ती होती. १९३२ मध्ये तिने ताशी १२४ मैलांहून अधिक (सुमारे २०० किमी) वेग गाठला. दुसऱ्या महायुद्धानंतर 'अॅलिसन' व 'रोल्स-रॉइस मर्लिन' ही विमान-इंजिने आणि जलरोधक प्लायवूड यांचा वापर वाढला. पुढील दशकांत अॅल्युमिनियम व कृत्रिम तंतूंच्या साहित्याने लाकडाची जागा घेतली आणि जुन्या नौका गुदामांत, गवताच्या कोठारांत व उघड्या अंगणांत पडून राहिल्या.

बांधणी आणि तळाचे महत्त्व

दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या शर्यती नौकेचा सांगाडा सहसा पांढऱ्या ओकचा व बाहेरील फळ्या महोगनीच्या असत. ओकच्या दोन प्रकारांतील भेद येथे महत्त्वाचा ठरतो. लाल ओकमधील उभ्या नलिका मोकळ्या असल्याने त्यांतून पाणी आत शिरते. पांढऱ्या ओकच्या नलिका निसर्गतःच बुजलेल्या असतात, म्हणून तो पाण्यात अधिक टिकतो. वजन कमी ठेवण्यासाठी काही भागांत स्प्रूस हे हलके लाकूड वापरले जाई.

तळ बहुधा दुपदरी असे. आतल्या पदराच्या पातळ फळ्या तिरप्या आणि बाहेरच्या पदराच्या फळ्या लांबीच्या दिशेने बसवत. दोहोंच्या मध्ये शिशाच्या सफेद्यात किंवा तत्सम लेपात भिजवलेले जाड कापड घालत. नौका पाण्यात उतरवल्यावर लाकूड फुगून सांधे घट्ट बंद होत. ही रचना मजबूत व लवचीक होती, परंतु ती दीर्घकाळ टिकावी अशी बांधणाऱ्यांची अपेक्षाच नव्हती. शर्यती नौका एखाद-दुसऱ्या हंगामासाठी बांधली जाई. तिच्यात वजनाला महत्त्व होते, आयुष्याला नव्हे.

तळाचा सूक्ष्म आकार किती निर्णायक असतो, हे १९२४ च्या गोल्ड कप स्पर्धेत दिसून आले. डेट्रॉइट येथील या स्पर्धेत कॅनडाची 'रेनबो ४' ही नौका वेगात सरस ठरली होती. परंतु तिच्या तळाच्या फळ्या एकमेकींवर अशा आडव्या चढवलेल्या होत्या की त्या निषिद्ध पायऱ्यांचेच काम करतात, असा आक्षेप घेण्यात आला. ती अपात्र ठरली आणि विजेतेपद 'बेबी बूटलेगर' या अमेरिकन नौकेकडे गेले. अशा नौकेचा तळ पुढे कोणी मोजमाप न घेता बदलला, तर केवळ जुने लाकूड जात नाही, तर त्या काळच्या अभियांत्रिकी विचाराचा पुरावाच नष्ट होतो.

ऱ्हासाची कारणे

लाकडी नौका तलावाच्या पाण्यापेक्षा पावसाच्या पाण्याने अधिक कुजते, हे अनेकांना आश्चर्याचे वाटते. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओलावा व हवा दोन्ही लागतात. डेकच्या सांध्यांतून झिरपलेले गोडे पाणी फासळ्यांच्या कोपऱ्यांत साचून राहते आणि तेथे या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. खाऱ्या पाण्यात बुरशीची वाढ मंदावते. मात्र बहुसंख्य शर्यती नौका गोड्या पाण्याच्या तलावांत व नद्यांत धावल्या.

दुसरे कारण धातूचे. त्या काळी पितळी स्क्रूंचा वापर सर्रास होई. दीर्घकाळ ओल लागल्यास पितळेतील जस्त निघून जाते व मागे गुलाबी, ठिसूळ तांबे उरते. असा स्क्रू बाहेरून शाबूत दिसतो, पण पेचकस लावताच तुटतो. लोखंडी खिळ्यांच्या बाबतीत ओकमधील टॅनिनशी क्रिया होऊन लाकूड काळे पडते व भोक सैल होते.

तिसरे कारण आधाराचा अभाव. दोन-तीन ठिकाणीच टेकवून वर्षानुवर्षे ठेवलेल्या नौकेचा पठाण स्वतःच्या व इंजिनाच्या वजनाने वाकतो. चौथे कारण म्हणजे मानवी हस्तक्षेप. हरलेल्या नौकांची इंजिने काढून दुसऱ्या नौकांत बसवली जात. डेक कापून बसण्याच्या जागा वाढवल्या जात. शर्यती नौकेची सहलीची नौका होई.

पुनरुज्जीवनाचे टप्पे

नोंद व संशोधन. काहीही उकलण्यापूर्वी नौकेची सर्व बाजूंनी छायाचित्रे घेतली जातात व मोजमापे नोंदवली जातात. मूळ आराखडे, शर्यतींची वृत्तपत्रीय छायाचित्रे व कारखान्याच्या नोंदी पडताळल्या जातात. जुन्या स्क्रूंची भोके, रंगाचे थर आणि फळ्यांच्या आतील बाजूस पेन्सिलीने केलेल्या खुणा यांतून नौकेत कधी काय बदलले हे कळते. काढलेला प्रत्येक तुकडा, कुजलेला असला तरी, क्रमांक घालून ठेवला जातो. कारण नव्या तुकड्यासाठी तोच साचा असतो.

आधार देणे. हा टप्पा साधा वाटला तरी अत्यंत महत्त्वाचा आहे. तळ काढला की नौकेचा ताठपणा जातो आणि सांगाडा कोणत्याही दिशेला पिळला जाऊ शकतो. म्हणून आधी भक्कम चौकट उभारून वाकलेला पठाण हळूहळू सरळ केला जातो. नौका उलटी करायची असल्यास आत तात्पुरते तिरपे वासे ठोकतात. एकाच वेळी सर्व फासळ्या न काढता एकाआड एक बदलल्या, तर उरलेल्या फासळ्या आकार धरून ठेवतात.

सांगाडा. वाकवलेल्या फासळ्यांसाठी ओकच्या पट्ट्या वाफपेटीत ठेवतात. दर इंच जाडीला सुमारे एक तास वाफ द्यावी, असा सुतारांचा ठोकताळा आहे. पेटीतून काढल्यावर पट्टी काही क्षणांतच वाकवून पकडीत आवळावी लागते. जेथे फासळीचा थोडाच भाग कुजला असेल, तेथे तिरकस सांधा करून नवा तुकडा जोडतात.

तळ. नव्या तळाची कसोटी त्याच्या सरळपणात असते. पिछाडीकडील भागावर लांब सरळ पट्टी ठेवून तळ तपासला जातो. तेथे काही मिलिमीटरचा खोलगटपणा राहिला, तर वेगात पिछाडी उचलली जाऊन नाळ खाली दाबली जाते. उलट, फुगवटा राहिला तर पिछाडी खाली ओढली जाते व नौका पुढेमागे उड्या मारू लागते. बागेतील सहलीच्या नौकेत हा दोष त्रासदायक असतो. ताशी शंभर किलोमीटर वेगाने धावणाऱ्या नौकेत तो जीवघेणा ठरू शकतो.

बाजू व डेक. महोगनीच्या फळ्या निवडताना रंग व रेषा जुळवाव्या लागतात. लाकडातील ओलावा साधारण बारा ते पंधरा टक्के असावा असे मानतात. अतिशय कोरड्या फळ्या घट्ट बसवल्या, तर पाण्यात फुगून त्या फासळ्यांनाच मोडतात. बदलायचे स्क्रू सहसा सिलिकॉन ब्राँझचे घेतात. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर त्याच लाकडाची लहान गुट्टी बसवतात व तिच्या रेषा फळीच्या रेषांशी समांतर ठेवतात. त्यानंतर रंगद्रव्ययुक्त भरण लावून व्हार्निशचे दहा किंवा त्याहून अधिक हात दिले जातात व प्रत्येक हातानंतर घासकाम होते.

इंजिन. मूळ इंजिन मिळणे हा बहुतेकदा नशिबाचा भाग असतो. मिळाले तरी व्हाइट मेटलची बेअरिंगे नव्याने ओतावी लागतात आणि न मिळणाऱ्या भागांसाठी लाकडी नमुने करून ओतीव काम करावे लागते. विमानासाठी बनवलेल्या इंजिनात थंडाव्याची, तेलाची व गती पंख्यापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था नौकेनुरूप केलेली असे. ती व्यवस्थाही इतिहासाचाच भाग असल्याने तिची स्वतंत्र नोंद केली जाते.

पाण्यात उतरवणे. पारंपरिक तळाची नौका पहिल्या दिवशी गळते, हे अपेक्षितच असते. दोऱ्यांवर लटकवून किंवा उथळ पाण्यात ठेवून फळ्या फुगू दिल्या जातात. पंप मात्र अखंड चालू ठेवावा लागतो. पाण्यात नौकेचा आकार किंचित बदलतो. म्हणून इंजिन व पंख्याचा दांडा यांची अंतिम जुळणी नौका तरंगत असतानाच करतात आणि त्यात साधारण एक दशांश मिलिमीटरपर्यंतची अचूकता राखतात.

मूळपणाचा वाद

ग्रीक चरित्रकार प्लुटार्क याने थीसियसच्या नौकेचा प्रश्न नोंदवून ठेवला आहे. एकेक करून सर्व फळ्या बदलल्यावर ती नौका तीच राहते काय? तत्त्वज्ञानातील हा जुना प्रश्न या कारागिरांपुढे रोजच्या कामात उभा राहतो.

आज अनेक पुनरुज्जीवित नौकांच्या तळात कापड व सफेद्याऐवजी प्लायवूड, इपॉक्सी व पॉलियुरेथेनचा चिकट लेप वापरतात. असा तळ गळत नाही, फुगण्याची वाट पाहावी लागत नाही व मोठ्या शक्तीचे इंजिन तो सहज पेलतो. बाहेरून पाहता फरकही दिसत नाही. त्याच्या समर्थकांच्या मते शर्यती नौकेचे सार तिच्या धावण्यात आहे, आणि न धावणारी नौका म्हणजे केवळ फर्निचर. विरोधकांचे म्हणणे असे की नव्या लेपाने चिकटवलेला तळ पुन्हा उकलताना मूळ फासळ्याही फुटतात; म्हणजे आजची सोय पुढच्या पिढीच्या दुरुस्तीची वाट बंद करते. शिवाय जुना लवचीक तळ लाटेवर कसा वागत असे, हे ताठ तळावरून कळत नाही.

वास्तूंच्या जतनासाठी १९६४ मध्ये व्हेनिस सनद तयार झाली. तिच्याच धर्तीवर वापरात असलेल्या पारंपरिक नौकांसाठी बार्सिलोना सनद करण्यात आली. मूळ भागाचा शक्य तेवढा आदर राखणे, अनुमानाचा आधार न घेणे आणि केलेल्या बदलांची नोंद ठेवणे ही अशा सनदांमागील भूमिका आहे. १९७५ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेली 'अँटिक अँड क्लासिक बोट सोसायटी' ही संस्था आपल्या प्रदर्शनांत जतन केलेल्या आणि पुनरुज्जीवित नौकांचे परीक्षण वेगवेगळ्या वर्गांत करते. त्यामुळे झिजलेली पण अस्सल नौका चकचकीत नव्या लाकडापुढे फिकी पडत नाही.

लाकडाच्या उपलब्धतेचाही प्रश्न आहे. मध्य व दक्षिण अमेरिकेतील मोठ्या पानांच्या महोगनीची अतोनात तोड झाल्याने २००३ पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 'साइट्स' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टानुसार नियंत्रण आहे. फिलिपाइन महोगनी या नावाने विकले जाणारे लाकूड वस्तुतः वेगळ्या कुळातील आहे. अशा स्थितीत मूळ फळी वाचवणे हे केवळ भावनेचे नव्हे, तर व्यवहाराचेही कारण ठरते.

उल्लेखनीय नौका

'एल लागार्तो' ही नौका जॉन हॅकर यांनी १९२२ मध्ये 'मिस मेरी' या नावाने बांधली. पुढे ती जॉर्ज रीस यांच्याकडे आली. तळावर पायऱ्या बसवण्यासारखे फेरफार केल्यानंतर तिने १९३३, १९३४ व १९३५ असे सलग तीन वेळा गोल्ड कप जिंकले. ती न्यूयॉर्क राज्यातील ब्लू माउंटन लेक येथील संग्रहालयात आहे. तिच्या तळावर दिसणारे फेरफार हे शर्यतींच्या बदलत्या नियमांचे प्रत्यक्ष दस्तऐवज होत. तिला १९२२ च्या रूपात आणणे म्हणजे तिचे विजयच पुसून टाकणे ठरले असते.

'बेबी बूटलेगर' ही जॉर्ज क्राउच यांनी आखलेली व न्यूयॉर्कजवळील सिटी आयलंड येथे हेन्री नेव्हिन्स यांच्या कारखान्यात बांधलेली नौका केलेब ब्रॅग यांच्या मालकीची होती. तिने १९२४ व १९२५ चे गोल्ड कप जिंकले. डेकपासून बाजूपर्यंत अखंड वळणारी तिची गोलाई आजही नौकारचनेचा आदर्श नमुना मानली जाते. १९८०च्या दशकात मार्क मेसन यांनी न्यू हॅम्पशायरमध्ये तिचे पुनरुज्जीवन करून तिला पुन्हा धावते केले. या कामाने जुन्या शर्यती नौकांविषयीचे कुतूहल मोठ्या प्रमाणात वाढवले.

'स्लो-मो-शन ४' ही टेड जोन्स यांनी आखलेली व अँकर जेन्सन यांच्या सिअॅटल येथील कारखान्यात बांधलेली नौका होती. २६ जून १९५० रोजी लेक वॉशिंग्टनवर तिने ताशी १६०.३ मैल (सुमारे २५८ किमी) वेगाचा विक्रम केला. १९३९ मध्ये माल्कम कॅम्बेल यांनी 'ब्लूबर्ड के४' मधून केलेला ताशी १४१.७४ मैलांचा विक्रम त्यामुळे मागे पडला. १९५६ मध्ये डेट्रॉइट येथे झालेल्या अपघातात ती मोडली. पुढे दुरुस्त होऊन ती सिअॅटलच्या 'म्युझियम ऑफ हिस्टरी अँड इंडस्ट्री' या संग्रहालयात गेली.

'ब्लूबर्ड के३' या नौकेतून कॅम्बेल यांनी १९३७ व १९३८ मध्ये इटली व स्वित्झर्लंडमधील तलावांवर विक्रम केले. त्यांतील अखेरचा ताशी १३०.९१ मैलांचा होता. इंग्लंडमधील ससेक्स परगण्यातील फिल्चिंग मॅनर येथे अनेक वर्षे चाललेल्या कामानंतर ती पुन्हा पाण्यात उतरवण्यात आली.

सुरक्षितता

१३ जून १९३० रोजी विंडरमिअर तलावावर नवा विक्रम केल्यानंतर 'मिस इंग्लंड २' ही नौका उलटली व तिचे चालक हेन्री सीग्रेव्ह यांचा मृत्यू झाला. पाण्यातील ओंडक्यावर आदळून तिचा तळ फुटला असावा, असे मानले जाते. जुन्या नौकांना सुरक्षा-पिंजरे नव्हते; चालक उघड्यावर बसत असे. म्हणूनच आज पुनरुज्जीवित नौका सहसा शर्यतीत न उतरवता प्रदर्शन-फेरीत मर्यादित वेगाने चालवल्या जातात.

आगीचा धोकाही मोठा असतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती नौकेच्या तळाशी साचते. म्हणून इंजिन सुरू करण्यापूर्वी तळातील हवा पंख्याने बाहेर काढतात. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे जुन्या टाक्यांचे लेप विरघळू शकतात, त्यामुळे टाक्या व नळ्या बदलणे बहुतेक वेळा अपरिहार्य ठरते. दिसण्यात मूळ पण आतून आधुनिक अशा या बदलांना कडवे परंपरावादीही सहसा हरकत घेत नाहीत.

महत्त्व

या नौकांचे मूळ आराखडे अनेकदा अपुरे असतात. आराखड्यात नसलेले निर्णय सुतारांनी कामाच्या जागीच घेतलेले असत आणि ते फक्त लाकडातच नोंदले गेले आहेत. फळी किती तासली, सांधा कोठे घेतला, पायरी किती अंतरावर बसवली, हे पाहण्याचे एकमेव साधन म्हणजे प्रत्यक्ष नौका. त्यामुळे चांगल्या पुनरुज्जीवनाची कसोटी व्हार्निशच्या चकाकीत नसून, काम संपल्यावर जुने काय व नवे काय हे पुढच्या अभ्यासकाला ओळखता येते की नाही, यात आहे. अनेक कारागीर नव्या तुकड्यांच्या आतील बाजूस वर्ष कोरतात आणि काढलेल्या मूळ फळ्या नौकेसोबतच जपून ठेवतात.